हाती न लागणारा खुनी कसा लिहावा : मराठी तपासकादंबरी पायरीपायरीने

मालिका खून करणाऱ्याच्या मागावर निघालेली तपासकादंबरी लिहायला बसलेला जवळजवळ प्रत्येक नवा लेखक सुरुवात खुन्यापासून करतो. खुनी किती हुशार, त्याचं बालपण कसं, तो प्रेताजवळ कोणती खूण सोडतो, पोलिसांना कोणतं कोडं घालतो. मी स्वतः दोन हस्तलिखितं अशीच वाया घालवली. दोन्हींत खुनी चाणाक्ष होता आणि पोलीस मूर्ख. वाचणाऱ्या मित्राने दुसऱ्या प्रकरणातच विचारलं, ‘‘हा माणूस सहा खून होईपर्यंत सापडत का नाही?’’ माझ्याकडे उत्तर होतं ते एवढंच : कारण कादंबरी तीनशे पानांची आहे.

त्या प्रश्नाचं खरं उत्तर शोधण्यासाठी मी जुनी प्रकरणं वाचत गेलो आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. असे खुनी बहुतेक वेळा तपासातल्या फटीतून निसटलेले असतात. दोन ठाण्यांची हद्द, एकमेकांना कधीच न भेटलेले दोन कागद, आणि ज्यांची ‘मिसिंग’ दाखल करायला कुणी येत नाही अशी माणसं. कादंबरीचा पाया तिथे घालायचा.

पहिली पायरी : खुन्याआधी फट ठरवा

मुंबईचं रामन राघव प्रकरण घ्या. १९६५-६६मध्ये रेल्वेमार्गाच्या कडेने राहणाऱ्या झोपडीवासीयांवर आणि फुटपाथवर झोपणाऱ्यांवर रात्री हल्ले झाले. संशयावरून एक माणूस पोलिसांच्या हाती लागला. दरोड्याच्या शिक्षेमुळे त्याचं नाव आधीच दफ्तरी होतं. पण त्याला हल्ला करताना कुणी पाहिलं नव्हतं, पुरावा नव्हता, म्हणून तो सुटला. १९६८मध्ये उत्तरेकडच्या उपनगरांत तोच प्रकार पुन्हा सुरू झाला. झोपलेला माणूस, डोक्यात जड हत्याराचा घाव, साक्षीदार नाही. तपासाची सूत्रं गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. शहरात इतकी भीती पसरली, की लोक काठ्या घेऊन रात्री गस्त घालू लागले, आणि त्या काठ्या कित्येकदा निरपराध भिकाऱ्यांच्या पाठीत बसल्या.

आता इंग्लंडमधला यॉर्कशायरचा खुनी पाहा. १९७५ ते १९८० या काळात पीटर सटक्लिफने १३ बायकांचे खून केले. पोलिसांनी त्याची चौकशी किती वेळा केली असेल? नऊ वेळा. कधी एक अधिकारी, कधी दुसरा, आणि नोंदी वेगवेगळ्या कार्डांवर. माहिती कार्डांवर लिहून ठेवली जात होती, आणि कार्डांचा साठा इतका वाढला की खोलीची जमीन भक्कम करावी लागली. उत्तर त्या कार्डांत होतं, पण दोन कार्डं शेजारी ठेवून पाहणं माणसाच्या आवाक्याबाहेर गेलं होतं.

तेव्हा पहिल्या दिवशी कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा : माझा खुनी अमुक कारणाने निसटतो. त्या कारणात खुन्याच्या हुशारीचा उल्लेख येत असेल, तर वाक्य खोडून पुन्हा लिहा.

उदाहरण म्हणून या लेखापुरतं एक कथानक घेऊ. उजनीच्या आसपास, पुणे-सोलापूर पट्ट्यात एकट्या, भटक्या, पोटासाठी इकडून तिकडे जाणाऱ्या तीन बायका मेल्या. पहिली टेंभुर्णीजवळ रस्त्याकडेच्या शेडमध्ये. दुसरी दौंडजवळ रुळांवर. तिसरी इंदापूर तालुक्यात, धरणाच्या फुगवट्यात. टेंभुर्णी सोलापूर ग्रामीण पोलिसांकडे, इंदापूर पुणे ग्रामीणकडे आणि रुळांवरचं प्रेत लोहमार्ग पोलिसांकडे. प्रेतं तीन, दलं तीन, आणि तिन्हीकडे खुनाचा गुन्हा दाखलच नाही. नोंद आहे ती अकस्मात मृत्यूची. खुनी सापडत नाही, कारण खून झाल्याचंच कुणाला माहीत नाही.

दुसरी पायरी : मरणाचं वैद्यकशास्त्र जुळवून घ्या

इथे घाई केली की सगळा डोलारा कोसळतो. शवविच्छेदन झाल्यावरही खून लपला, असं लिहायचं असेल तर तो का लपला हे तुम्हाला ठाऊक हवं. नाकातोंडावर मऊ कापड किंवा उशी दाबून मारलं तर बाहेरून खुणा फार कमी उरतात, विशेषतः माणूस अशक्त, आजारी किंवा नशेत असेल तर. टेंभुर्णीच्या शेडमधली बाई अशी मेली. रुळांवरच्या प्रेताची अवस्थाच अशी असते की आधीच्या जखमा नंतरच्या जखमांत मिसळून जातात. पाण्यातलं प्रेत चार दिवसांनी वर आलं तर कुजण्याने पुष्कळ काही पुसलेलं असतं.

पण पूर्ण पुसलेलं नसतं, आणि तुमची कादंबरी त्या उरलेल्यावर उभी राहते. जिवंत माणूस बुडताना पाण्याबरोबर सूक्ष्म शेवाळकण, म्हणजे डायटम, शरीरात ओढले जातात आणि हाडातल्या मज्जेपर्यंत पोहोचू शकतात. ते मज्जेत सापडले नाहीत तर बाई पाण्यात पडण्याआधीच मेली असावी, असा संशय घेता येतो. संशयच. डॉक्टर तो खात्रीने मांडत नाहीत, आणि तुमच्या कादंबरीतल्या डॉक्टरनेही मांडू नये. ‘मृत्यू रात्री ११ वाजून २० मिनिटांनी झाला’ असं सांगणारा डॉक्टर पानावरून काढून टाका. प्रेताचा ताठरपणा साधारण दोन-चार तासांत सुरू होतो, बारा तासांच्या आसपास पूर्ण होतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे सगळं लवकर घडतं. यावरून तासांचा पट्टा मिळतो, मिनिट मिळत नाही. ग्रामीण रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी बऱ्याचदा ‘व्हिसेरा (म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) राखून ठेवला’ असं लिहून मत राखून ठेवतात, आणि मग अहवालाची वाट पाहण्यात दिवस जातात. ती वाट तुमच्या कथानकाला फार उपयोगी आहे.

तिसरी पायरी : पंचनामा लिहा, खराखुरा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कादंबरीत एकही पंचनामा छापणार नसलात तरी प्रत्येक प्रेताचा मरणोत्तर पंचनामा स्वतंत्र कागदावर लिहून काढा. या भाषेला स्वतःची लय आहे. ती भावना दाखवत नाही, आणि म्हणूनच वाचणाऱ्याच्या अंगावर येते. आपल्या कथानकातला टेंभुर्णीचा पंचनामा असा असेल :

‘सदर ठिकाणी एक अनोळखी स्त्री जातीचे प्रेत उताण्या स्थितीत, डोके उत्तरेस व पाय दक्षिणेस असे दिसून येते. वय अंदाजे ४० ते ४५ वर्षे. अंगात हिरव्या रंगाची सुती साडी. हातात काचेच्या बांगड्या, पैकी उजव्या हातातील दोन फुटलेल्या. प्रेताचे पायापासून अंदाजे चार फूट अंतरावर एक जोड काळ्या रंगाची रबरी चप्पल, जु.वा.कि.अं. ००.’

‘जु.वा.कि.अं.’ म्हणजे जुनी, वापरती, किंमत अंदाजे. त्यापुढची शून्यं लिहिताना हवालदाराचा हात थबकत नाही, वाचकाने मात्र तिथे थबकायला हवं.

आता दौंडचा कागद. तिथे चपलेचा उल्लेख मजकुरात नाहीच, शेवटच्या यादीत एका ओळीत आहे : ‘रुळालगत खडीवर लेडीज चप्पल एक जोड.’ इंदापूरच्या पंचनाम्यात काठावरच्या दगडाचं वर्णन आहे : ‘सदर दगडावर एक जोड चप्पल शेजारी शेजारी ठेवलेली.’ तीन लेखनिक, तीन सवयी. एकाने अंतर लिहिलं, एकाने फक्त वस्तू लिहिली, एकाने ठेवण लिहिली. गाडीखाली सापडलेल्या बाईची चप्पल जोडीने कशी राहील, हा प्रश्न कागदावर कुठेच नाही. तो वाचकाच्या मनात उठायला हवा, तोही तुम्ही न सांगता.

धागा पेरायचा तो असा. खुन्याने मुद्दाम सोडलेलं पत्र, पत्ता, फूल यांत फार दम नसतो. त्याची सवय, जी त्याला स्वतःलाही दिसत नाही, ती जास्त टिकते. आपल्या कथानकातला माणूस चपला नीट लावून ठेवतो. कदाचित देवळाबाहेर, कदाचित एखाद्या घराच्या उंबऱ्यावर आयुष्यभर हेच काम केलेलं. कारण शेवटपर्यंत उघड केलं नाही तरी चालेल.

चौथी पायरी : हे कागद एकत्र कोण आणतं?

तीन ठाण्यांतून फिरायचं कारण कुणाकडे आहे? पोलिसांकडे बहुधा नसतं. ते असतं हरवलेल्या माणसाच्या घरच्यांकडे. बेपत्ता आईला शोधणारा ऊसतोड कामगाराचा विशीतला मुलगा घ्या. तो ठाण्याठाण्यांत जातो, बेवारस प्रेतांचे फोटो पाहतो, ‘ही नव्हं’ म्हणतो आणि पुढच्या गाडीत बसतो. असे फोटो तीन ठिकाणी पाहिलेला तो एकटाच.

इंदापुरात त्याच्यासमोर महिला हवालदार फाईल उघडते. प्रसंग एवढाच ठेवा :

‘‘नीट बघ रं. घाई नको.’’

‘‘आई नव्हं ही, मॅडम.’’ तो फोटो परत देत नाही. ‘‘पन ह्या चपला अशाच टेंभुर्णीच्या फोटूत बी हायत्या. कुनी हातानं लावून ठिवल्यागत.’’

‘‘टेंभुर्णीला कधी गेलतास?’’

‘‘परवा. त्याच्या आदी दौंडला. तितं फोटूत नव्हत्या, पन गठुड्यात व्हत्या.’’

हवालदार पेन खाली ठेवते. इथे प्रकरण संपवा. तिच्या मनात काय आलं हे लिहू नका.

एक गोष्ट मनापासून सांगतो. या प्रकारच्या लेखनात मेलेल्या बायका नुसत्या प्रेत म्हणून येतात, हे मला फार खुपतं. प्रत्येकीला जिवंतपणीचं किमान एक पान द्या, आणि ते पान मरणाच्या आधल्या रात्रीचं नसावं. ती बांगड्या कुठून घ्यायची, चहात साखर किती घालायची, कुणाची उधारी तिने फेडली. शिवाय खऱ्या प्रकरणावरून कथानक घेतलं असेल तर नावं, गाव, नाती सगळं बदला. त्या घरांतली माणसं अजून आहेत.

पाचवी पायरी : अधिकाऱ्याच्या डोक्यावर खरं ओझं द्या

आपल्याकडचा तपासी अधिकारी एका वेळी एकच प्रकरण हाताळत नाही. त्याच्या टेबलावर मारामाऱ्या, चोऱ्या, समन्स, कोर्टाच्या तारखा असतात, आणि त्यावर बंदोबस्त. आपल्या कथानकात आषाढी वारीचा काळ घ्या. तुकोबांची पालखी इंदापूरला मुक्कामी येते, तेव्हा आख्खं ठाणं रस्त्यावर असतं. धागा नुकता हाती आलेला, आणि महिला हवालदार बारा-बारा तास गर्दीत उभी. त्याच गर्दीत खुनीही असू शकतो. एकट्या, अनोळखी बाया तिथे हजारोंनी आहेत. असा ताण निर्माण करायला बंदुकीची गरज पडत नाही.

पदं आणि संबोधनं अचूक ठेवा. गुन्ह्याची नोंद घेतो तो ठाणे अंमलदार. जप्त वस्तू सांभाळतो मुद्देमाल कारकून. साहेबांचं लिखाणकाम करतो त्यांचा रायटर. जिल्ह्याची स्थानिक गुन्हे शाखा म्हणजे बोलण्यात एलसीबी, आणि ती तपासात उतरली की ठाण्यातल्या लोकांच्या चेहऱ्यावर पडणारी सावली पकडा. ज्याने पहिला धागा शोधला त्याचं नाव पुढच्या प्रेसनोटमध्ये नसतं. हे दुःख लिहिण्यासारखं आहे.

सहावी पायरी : तीन तारखांचा तक्ता

भिंतीवर मोठा कागद लावा आणि प्रत्येक घटनेसमोर तीन तारखा टाका : घटना कधी घडली, ती कागदावर कधी आली, आणि वाचकाला कधी कळली. उत्कंठा या तीन तारखांमधल्या अंतरातून येते. उदाहरणार्थ, मज्जेच्या तपासणीचा अहवाल ठाण्यात आला पंधरा तारखेला, पण रायटर रजेवर म्हणून लिफाफा उघडला बावीसला, आणि एकोणीसला चौथी बाई गेली. वाचकाला लिफाफा सोळालाच दाखवलात तर पुढची चाळीस पानं तो पुस्तक खाली ठेवणार नाही.

सातवी पायरी : चुकीची वाट

चुकलेला माग प्रामाणिक कारणाने चुकायला हवा आणि त्याची किंमत मोजावी लागायला हवी. यॉर्कशायरच्या तपासात जून १९७९मध्ये पोलिसांकडे एक ध्वनिफीत आली. त्यातला माणूस स्वतःला खुनी म्हणवत होता आणि त्याचे हेल ईशान्य इंग्लंडमधल्या संडरलंडकडचे होते. तपासाने ती खरी मानली. ज्यांच्या बोलण्यात ते हेल नव्हते ते संशयातून सुटत गेले, आणि सटक्लिफ त्यांतला एक होता. ती फीत लबाडी होती. पाठवणारा डीएनएच्या आधारे सापडून शिक्षा झाली ती थेट २००६मध्ये. दरम्यान आणखी बायका मारल्या गेल्या होत्या.

आपल्या कथानकात चुकीची वाट सोपी आहे. गावाबाहेर पाल टाकून राहणाऱ्या एखाद्या भटक्या कुटुंबावर संशय जाईल, कारण आपल्याकडे तो नेहमीच आधी तिथे जातो. ते लिहा, पण त्या माणसाची सुटका झाल्यावर त्याला विसरू नका. त्याच्या पालाचं काय झालं, मुलगी शाळेत परत गेली का, हे दोन परिच्छेदांत यायला हवं.

आठवी पायरी : खुनी, थोडक्यात

त्याच्या डोक्यात शिरून लिहिलेली प्रकरणं मी आता टाळतो. ती चवीने लिहिली जातात आणि मेलेल्यांवर अन्याय करतात. लिहायचंच असेल तर वस्तू लिहा. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अॅलेक्स फियाल्हो यांनी फोटो आणि वर्णनावरून रामन राघवला डोंगरी भागात ओळखून पकडलं. तेव्हा त्याच्याजवळ चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद सापडले. बूट चिखलाने भरलेले होते, कपड्यांवर रक्ताचे डाग होते. लसूण आणि चहाची पूड वाचून जी थंडी वाटते, ती दहा पानांच्या स्वगताने वाटणार नाही.

मानसिक आजाराचा वापर जपून करा. रामन राघवच्या बाबतीत वैद्यकीय मंडळाने गंभीर स्किझोफ्रेनियाचं निदान केलं, फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली आणि १९९५मध्ये पुण्यात ससून रुग्णालयात तो मेला. पण हा आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणालाही इजा करत नाहीत. उलट पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात १९७६-७७मध्ये दहा खून करणारी मुलं शहरातल्या कला महाविद्यालयात शिकणारी, चारचौघांत मिसळणारी होती. वेडेपणा हे उत्तर म्हणून वापरलंत तर वाचक सुटतो आणि गोष्टही सुटते.

नववी पायरी : पकड

२ जानेवारी १९८१ला शेफील्डमध्ये सटक्लिफ पकडला गेला तो गाडीला खोट्या नंबरप्लेट लावल्या म्हणून. लघवीला जातो सांगून तो जरा बाजूला गेला होता. नंतर एका पोलिसाला ते आठवलं, तो त्या जागी परत गेला, आणि तिथे हातोडा आणि सुरी मिळाली. कादंबरीत योगायोग चालतो, पण तो अशा माणसाच्या वाट्याला यावा जो परत जाऊन पाहतो. आपली हवालदार वारीच्या मुक्कामी एका अन्नछत्राबाहेर उभी आहे. समोर शेकडो चपलांचा ढीग, आणि एक माणूस खाली बसून त्यांच्या जोड्या लावतोय. सेवेकरी वाटावा असा. ती पाहते आणि काहीच करत नाही, कारण चपला लावणं हा गुन्हा नाही. इथून शेवटची साठ पानं सुरू होतात.

दहावी पायरी : अटकेनंतरची गोष्ट

बहुतेक जण अटकेवर कादंबरी संपवतात. पण आपल्या कायद्यात खरी चुरस तिथून पुढे आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. चालतो तो कबुलीतून निघालेला शोध. आरोपी दोन पंचांसमोर म्हणतो, ‘वस्तू लपवली ती जागा दाखवतो’, त्याचा निवेदन पंचनामा होतो, तो पुढे चालतो, पोलीस आणि पंच मागे, आणि वस्तू निघते. रामन राघवनेही लपवलेली हत्यारं पोलिसांना अशीच दाखवून दिली होती. या चालत जाण्यात विलक्षण नाट्य आहे. पंच म्हणून उभा केलेला दुकानदार घाबरलेला, त्याला दुकान उघडायचंय, आणि समोर बेड्या घातलेला माणूस शांतपणे वाट दाखवतोय.

काळ ठरवूनच कलमं घाला. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यानंतर घडलेल्या खुनाला कलम १०३, त्याआधीच्या खुनाला भारतीय दंड संहितेचं ३०२. तुमचे खून या तारखेच्या दोन्ही बाजूंना पडत असतील तर दोन्ही कलमं येतील, आणि रायटरची त्यावरून उडणारी धांदल एक छान बारीक प्रसंग देईल. नव्या फौजदारी प्रक्रियेत झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे, तेव्हा शिपायाच्या हातातला मोबाइल विसरू नका. अटकेनंतर २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणं आणि खुनाच्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र, नाहीतर आरोपी जामिनाचा हक्कदार, या दोन मुदती घड्याळासारख्या वापरा.

मसुदा झाला की तो एखाद्या निवृत्त हवालदाराला वाचून दाखवा. त्यांच्यासमोर बसून, मोठ्याने. माझ्या मसुद्यात प्रेतावर चादर टाकून सगळे निघून जातात असं होतं. ऐकत बसलेल्या निवृत्त हवालदार काकांनी मला थांबवलं. म्हणाले, ‘‘बेवारस प्रेताजवळ एक पोलीस बसतोच रे. रात्रभर. कुत्री येतात.’’ ते वाक्य मी जसंच्या तसं घेतलं.

आणि शेवटचं प्रकरण मुद्देमालाच्या खोलीत घडू द्या. निकाल लागलाय, अपिलाची मुदत संपलीय, न्यायालयाने मुद्देमालाची विल्हेवाट लावण्याचा आदेश दिलाय. कारकून गाठोड्यांवरच्या चिठ्ठ्या वाचतोय. टेंभुर्णीची बाई कोण होती ते कळलं, तिची बहीण चप्पल न्यायला आली. दौंडची अजून अनोळखीच आहे. तिच्या गाठोड्याची नोंद करताना किमतीच्या रकान्यात काय लिहायचं, असं कारकून हवालदार बाईला विचारतो.